उलटा उघडणारा अंक

आमच्या इमारतीत गुरुवारी सकाळी आठच्या आत रद्दी खाली ठेवायची असते. वर्तमानपत्रं वेगळी, खोकी वेगळी, मासिकं वेगळी, आणि प्रत्येक गठ्ठ्याला अधिकच्या चिन्हासारखी आडवी-उभी दोरी. तोक्योतल्या निशिकासाईत राहायला आल्यावर पहिले काही महिने माझा गठ्ठा गाडीवाले तिथेच सोडून जायचे, कारण मी मासिकांच्या मधे दुकानाच्या गुळगुळीत पावत्या कोंबून ठेवायचे आणि त्या कागदात धरत नाहीत. खालच्या मजल्यावरच्या आजींचा गठ्ठा मात्र बघत राहावा असा. चारही कडा एका रेषेत, गाठ बरोबर मध्यावर. छापखान्यातून नुकताच आल्यासारखा.

एका गुरुवारी त्या गठ्ठ्याच्या वर एक जुना अंक दिसला. मुखपृष्ठावर फोटो नाही, हाताने काढलेलं चित्र. अक्षरंही हाताने काढलेली. मी खाली बसले आणि दोरीची गाठ सैल करायला लागले. मागून आवाज आला, अगदी मऊ, पण ठाम. एकदा इथे ठेवलं की ते वॉर्डाचं, त्यातून काढून नेता येत नाही. मी ओशाळून उठले. आजी पुढे म्हणाल्या, "पुढच्या वेळी आधी माझ्या दाराची घंटा वाजवा."

मी वाजवली. तीन खेपांत चाळीसेक अंक माझ्या घरी आले. बहुतेक सगळे 'कुराशी नो तेचो' या मासिकाचे. रोजच्या जगण्याची वही, असं काहीसं त्या नावाचं मराठी होईल.

माझ्याविषयी थोडं. मी पुण्यात आप्पा बळवंत चौकाच्या मागच्या गल्लीत अकरा वर्षं पानं लावली. क्रमिक पुस्तकांची गाइडं, लग्नपत्रिका, कवितासंग्रह आणि गणपतीपासून दिवाळीपर्यंत दिवाळी अंक. त्या दोन महिन्यांत घरी फक्त झोपायला जायचं. नवऱ्याच्या नोकरीमुळे इकडे आले तेव्हा वाटलं, सुटलो. पण दहा मराठी माणसं एकत्र आली की अकरावं काय जन्माला येतं हे सांगायला नको. मंडळाचा दिवाळी अंक आपसूक माझ्या गळ्यात पडला. का. र. मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हा हे खूळ इतक्या लांब येईल असं त्यांना वाटलं नसणार.

पहिल्या वर्षी मी काय केलं ते आधी सांगते, कारण ते चुकलं. स्टेशनजवळच्या पुस्तकाच्या दुकानातून 'पोपाय' आणि 'ब्रुटस' ही दोन नियतकालिकं आणली. पहिलं १९७६ पासूनचं, शहरी पोरांसाठी. दुसरं १९८० पासूनचं, पंधरा दिवसांनी निघणारं. प्रकाशक एकच. 'ब्रुटस' एक विषय घेतं आणि त्याचा पार भुगा करतं. कॉफी म्हटली की अंकभर कॉफी. 'पोपाय'मध्ये एकेका पानावर तीस-तीस वस्तू कापून चिकटवल्यासारख्या मांडलेल्या: बूट, पेन, सँडविच, जुनी सायकल, आणि प्रत्येकीखाली मुंगीएवढ्या अक्षरांत दोन ओळी. बघताना भूक लागावी अशी पानं. मी तस्संच केलं. भरपूर मोकळी जागा, बारीक अक्षर, कापलेले फोटो, कोपऱ्यात तिरप्या हस्ताक्षरात एखादा शेरा. मला स्वतःला अंक फार आवडला.

मंडळातले एक काका तो हातात घेऊन दिव्याखाली गेले, लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाले, "चष्मा माझा बदलायचा की अंक तुमचा?"

लोकांनी चित्रं बघितली आणि अंक ठेवून दिला. माझ्या एका मैत्रिणीचा लेख होता, तिनेसुद्धा स्वतःचा लेख वाचला नाही.

योगायोगाने तेच दिवस जिंबोचोमधल्या जुन्या पुस्तकांच्या जत्रेचे होते. ही जत्रा १९६० पासून दर शरदात भरते, म्हणजे साधारण आपल्या दिवाळीच्या आगेमागे. निशिकासाईहून तोझाई लाइनने थेट कुदानशिता आणि तिथून पायी दहा मिनिटं. एरवीही तिथे शंभरावर जुन्या पुस्तकांची दुकानं आहेत. बहुतेक रस्त्याच्या दक्षिणेला, उत्तरेकडे तोंड करून, म्हणजे उन्हाने पुस्तकांचे कणे उडत नाहीत. जत्रेत रस्त्याच्या कडेला कपाटांची दुसरी भिंत उभी राहते आणि दोन भिंतींच्या मधून माणसं खांद्याला खांदा लावून सरकत असतात. सगळे कोट घातलेले आणि कुणी काही बोलत नाही. पुण्यात इतकी गर्दी आणि इतकी शांतता एकत्र मी बघितलेली नाही.

आजींनी दिलेल्या अंकांमधे ज्यांची भर घालायची होती ते 'कुराशी नो तेचो' मी शोधत होते. १९६०-७० च्या दशकातले सहा मिळाले, पाचशे येनला एक. दुकानदाराने प्रत्येक अंक पारदर्शक कागदात असा गुंडाळला, जणू मी दागिना घेतलाय.

या मासिकाबद्दल तोवर मी थोडं वाचलं होतं. हानामोरी यासुजी आणि ओहाशी शिझुको या दोघांनी ते १९४८ मध्ये सुरू केलं. तोक्यो जळून गेलेलं, खायला नाही, नेसायला नाही, आणि यांनी मासिक काढलं ते कपडे, स्वयंपाक आणि घर या विषयांवर. हानामोरी संपादक, आणि मुखपृष्ठही तेच काढायचे, १९७८ मध्ये वारले तोवर. हे वाचून मला आपले दीनानाथ दलाल आठवले. त्यांनी १९४५ मध्ये 'दीपावली' काढला, अंक आपला आणि चित्रंही आपली. दोघांना एकमेकांचा पत्ता असण्याचं कारण नाही, पण एकाच वेळी दोन देशांत दोन चित्रकार स्वतःचं मासिक काढून बसले होते याची मला उगाच मजा वाटली.

मग माझी खरी शाळा सुरू झाली. जेवणाचं टेबल पुसून कोरडं करायचं, एक अंक उघडायचा, त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवायचा आणि पेन्सिलीने नुसते चौकोन काढायचे. इथे मजकूर, इथे चित्र, इथे मथळा. मला जपानी वाचता येतं ते दुकानाच्या पाटीपुरतं, आणि तोच या कामात फायदा झाला. वाचता आलं असतं तर मी वाचत बसले असते.

जपानी मजकूर उभा, वरून खाली, आणि ओळी उजवीकडून डावीकडे. त्यामुळे अंकही आपल्या मते शेवटाकडून उघडतो. पान आडव्या पट्ट्यांमध्ये विभागलेलं असतं, एकीखाली एक, चार किंवा पाच. या पट्टीला ते 'दान' म्हणतात (आपल्या दानाशी काही संबंध नाही). आपले कॉलम उभे, त्यांचे आडवे. कागद नव्वद अंशांत फिरवला की हिशोब जुळतो. इतपत माझं मला कळलं.

पुढचं आजींनी दाखवलं. अंक परत द्यायला गेले होते, तर त्या घ्यायला तयार नाहीत. ट्रेसिंगचे कागद बघून आत गेल्या आणि एक पारदर्शक प्लास्टिकचा तावच घेऊन आल्या. त्यावर लहानमोठ्या चौकोनांच्या रांगा आणि बाजूला आकडे. त्यांचे यजमान फोटोटाइपसेटिंगच्या, म्हणजे अक्षरांचे फोटो घेऊन जुळणी करण्याच्या, काळात मासिकांची जुळणी करायचे, त्यांचं हे माप. 'क्यूसूह्यो' असं त्याचं नाव. एक क्यू म्हणजे पाव मिलिमीटर. हा ताव छापील मजकुरावर ठेवायचा आणि कुठल्या रांगेतले चौकोन अक्षरांवर नेमके बसतात ते बघायचं. तेवढ्या क्यूचं अक्षर. प्रत्येक अक्षर, मग ते एका फटकाऱ्याचं असो की वीस फटकाऱ्यांचं, त्याच एका चौकोनात राहतं. आधी अक्षर ठरवायचं, मग एका ओळीत किती अक्षरं, मग किती ओळी, आणि मधे किती अंतर. पानाचा समास हे सगळं झाल्यावर जो उरेल तो. मी पुण्यात अकरा वर्षं आधी समास टाकले आणि मग मजकूर ओतला.

आजींनी एक पान उचललं आणि खिडकीच्या उजेडासमोर धरलं. पाठच्या पानावरच्या ओळी कागदातून दिसत होत्या, आणि त्या पुढच्या ओळींच्या बरोब्बर मागे होत्या. ओळीमागे ओळ, मोकळ्या जागेमागे मोकळी जागा. मधे मथळा आला तरी गाडी रुळावरून उतरत नाही, कारण मथळ्याला बरोबर तीन ओळींची जागा द्यायची, साडेतीनची नाही. 'सान-ग्यो-दोरी', असं त्या बोटांनी तीन दाखवत म्हणाल्या. चित्रही तसंच, पूर्ण ओळींच्या हिशोबात. मी घरी येऊन आमच्या पहिल्या अंकाचं पान खिडकीला धरलं. सगळा किचाट.

त्या रात्री तो ताव मी मराठी मजकुरावर ठेवून बघितला. 'घर' या शब्दात 'घ' चौकोन भरतो आणि 'र' अर्धा चौकोन रिकामा ठेवतो. 'र्की'ला वर रफार, वर वेलांटी. 'द्धृ' खाली तळघरात. आपलं अक्षर शिरोरेषेला लोंबतं, वरचा मजला मात्रांचा, खालचा उकारांचा, आणि राहणारं कुटुंब फक्त मधल्या खोलीत. पॉइंट हे आपल्याकडचं अक्षराच्या उंचीचं माप. जपानी नऊ पॉइंटचं अक्षर नऊच्या नऊ पॉइंट भरून बसतं. आपलं नऊ पॉइंट म्हणजे मधल्या खोलीपुरतं फार तर साडेपाच-सहा. काकांचा चष्मा ठीकच होता.

मग पान त्यांच्या नियमाने पण आपल्या अक्षरासाठी नव्याने बांधायला घेतलं. अक्षर साडेअकरा पॉइंट, ओळीपासून ओळीचं अंतर सतरा. चित्राचा वरचा काठ कुठे टेकवायचा यावर आठवडा गेला. सॉफ्टवेअर म्हणतं, अक्षरांच्या तळाला जुळवा. पण मराठी वाचताना डोळा तळाला नसतोच, तो शिरोरेषेवरून चालतो. चित्राचा काठ शिरोरेषेला जुळवला, आणि मात्रा-वेलांट्यांना वर डोकं काढू दिलं. सुरुवातीला ते वाकडं वाटलं. चार पानं सलग लावली आणि अचानक सगळं स्थिर दिसायला लागलं.

दुसरी गोष्ट 'दाइवारी'. ऐकल्यावर पंढरपूर आठवतं, पण दाइ म्हणजे आपला सोळा पानांचा फॉर्म, आणि दाइवारी म्हणजे अंकाच्या सगळ्या पानांचा तक्ता. लेख हातात येण्याआधीच कुठल्या पानावर काय, हे चौकोनांत भरायचं. आमची एकूण पानं अठ्ठेचाळीस, म्हणजे तीन फॉर्म. तक्ता मंडळाच्या बैठकीत ठेवला तर चिटणीस म्हणाले, "लेख आले नाहीत, पानं कसली ठरवताय?" पुण्यात आम्हीही असंच म्हणायचो. जाहिरात आली की लेख पुढे ढकल, कविता कापून बसव, उरलेल्या बोटभर जागेत सुविचार टाक.

जाहिरातींवरून खडाजंगी झालीच. 'कुराशी नो तेचो'मध्ये बाहेरच्या जाहिराती नसतात. वस्तू तपासून, कंपनीचं नाव घेऊन बरं-वाईट लिहायचं, तर तिच्याकडून पैसे घेता येत नाहीत असा त्यांचा सरळ हिशोब. आमच्याकडे किराणा दुकानाच्या जाहिरातीवर अर्धा अंक निघतो, आणि त्यांना अनुक्रमणिकेसमोरचंच पान हवं असतं. शेवटी सगळ्या जाहिराती शेवटच्या आठ पानांत एकत्र बसवायच्या असं ठरलं, आणि त्यांची मांडणीही मीच करायची. दुकानदार रुसला आणि डाळीचा भाव छापायला दिल्यावर पुन्हा हसला.

इथपर्यंत मी फक्त मांडणी शिकत होते. पण एवढे दिवस एखाद्या मासिकाशी काढल्यावर ते छापतात काय, याकडे लक्ष जाणारच. १९६९ मध्ये त्यांनी टोस्टर तपासले, आणि त्यासाठी भाजलेल्या पावाचे काप होते ४३,०८८. मी तो आकडा दोनदा वाचला. आणि त्याच्या आदल्या वर्षीचा, १९६८ च्या उन्हाळ्यातला ९६ वा अंक. तो अख्खा युद्धाच्या काळातल्या जगण्याचा, वाचकांनीच लिहून पाठवलेल्या अनुभवांचा. सेनापती नाही, तहाची कलमं नाहीत; साध्या माणसांनी त्या दिवसांत काय खाल्लं, काय नेसलं, काय जळून गेलं. आजींकडे तो अंक आहे. तो मात्र त्यांनी मला नेऊ दिला नाही, त्यांच्यासमोर बसून बघितला. एका पानाशी त्या थांबल्या, पुढचं पान उलटलं नाही, आणि चहा करायला उठल्या. मी काही विचारलं नाही.

बैठकीत मी म्हटलं, यंदा 'परदेशातील दिवाळी'वर लेख नकोत. 'आठवणींचा हिंदोळा' तर मुळीच नको. प्रत्येकाने पहिल्यांदा इथे येताना बॅगेत आणलेली एक स्वयंपाकघरातली वस्तू घ्यायची आणि दोनशे शब्दांत लिहायचं: ती कुठली, किती वजनाची, इथे आल्यावर तिचं काय झालं. फोटो एकाच पांढऱ्या चादरीवर, वरून. चौतीस जणांनी पाठवलं. सात कुकर, पाच पोळपाट, एक दगडी खलबत्ता (साडेचार किलो, आणि तो आणणाऱ्याने विमानतळावर जास्तीचे पैसे भरले होते), एक सोऱ्या ज्याच्या चकत्या हरवल्या आणि फक्त शेवेची उरली. ज्यांनी जन्मात चार ओळी लिहिल्या नव्हत्या त्यांचं लिखाण सगळ्यांत चांगलं आलं. एका गृहस्थांनी लिहिलं, "कुकरची शिट्टी ऐकून शेजारी धावत आले. मी दार उघडलं. वरण दाखवलं."

आणि टोस्टची परतफेड म्हणून आम्ही पोळ्या तपासल्या. इथल्या साध्या सुपरमार्केटात गव्हाचं पीठ चार तऱ्हांचं: हाकुरिकी म्हणजे केकचं, च्युरिकी म्हणजे उदोन नावाच्या जाड शेवयांचं, क्योरिकी म्हणजे पावाचं, आणि झेन्र्यूफुन म्हणजे कोंड्यासकट. पाचवा आपल्या दुकानातला आटा. तीन घरं, प्रत्येक पिठाच्या आठ पोळ्या, म्हणजे एकशेवीस. गरम असताना एक घास, डब्यात चार तास ठेवून एक घास, दुसऱ्या दिवशी सकाळी एक. क्योरिकीची पोळी लाटली की आखडते, पुन्हा लाटली की पुन्हा आखडते. लाटणारीचा अंत बघते. हाकुरिकीची तव्यावरून उतरल्यावर रेशमासारखी, आणि चार तासांनी घडी उलगडायला गेलं की तुकडे. झेन्र्यूफुनची पोळी भाकरीच्या बहिणीसारखी. तिसऱ्या घराने नियम मोडून च्युरिकी आणि झेन्र्यूफुन निम्मं-निम्मं कालवलं, अर्धा तास भिजवलं, आणि ती पोळी दुसऱ्या दिवशीही मऊ निघाली. आट्याला हरवलं नाही, पण खालोखाल. पाच पिठांच्या पाच चळती करून, बाजूला पट्टी उभी करून फोटो काढला आणि मधल्या दोन पानांवर सलग टाकला. नंतर दोन दिवस तिन्ही घरांत फक्त पोळीचा चिवडा.

छपाईसाठी इथे ऑनलाइन सोय चांगली आहे. फाइल चढवायची, कागद निवडायचा, आधी एक नमुना प्रत मागवायची. मागणीच्या अर्जात बांधणी कुठली हा रकाना होता, उजवी की डावी. मी वर्षभर उजवीकडून उघडणारे अंक उघडत होते. मी उजवी लिहिलं. क्षणभरही थांबले नाही.

चार दिवसांनी पाकीट आलं. अंक उघडायला गेले तर हातात कणा. उलटीकडून उघडला. पान दोन उजवीकडे, पान तीन डावीकडे. पोळ्यांच्या फोटोचे दोन तुकडे एकमेकांकडे पाठ करून बसलेले, पट्टी मधोमध आलेली, आणि जिथे फोटो संपायला हवा तिथे अर्धी चळत. मी अर्ज पुन्हा बघितला. चूक शंभर टक्के माझी.

तशीच प्रत घेऊन खाली गेले. आजींनी ती सवयीने उजवीकडून उघडली आणि त्यांना काहीच वावगं वाटलं नाही. एक एक पान सावकाश बघत गेल्या. खलबत्त्यापाशी थांबल्या, वजन विचारलं. मग एका मथळ्याशी नख टेकवलं, शेजारच्या कॉलममधल्या शिरोरेषा मोजल्या, एक, दोन, तीन, आणि माझ्याकडे बघितलं. "सान-ग्यो-दोरी." मी मान हलवली. पुढे पोळ्यांची पानं आली. अर्धी चळत, मधे पट्टी, अर्धी चळत. हे असं का, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी सगळं सांगितलं. त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला.

ती प्रत त्यांनी ठेवून घेतली. बाकीच्या ऐंशी डावीकडून उघडतात.